टार्गेट बर्ड

चाकण एमआयडीसीत माणूस दोनदा शिंकला तरी त्याचं रूट कॉज अ‍ॅनालिसिस होतं. त्यामुळे महाळुंग्यातल्या आम्हा काही मंडळींनी एखाद्या उष्णकटिबंधीय देशात पक्षी बघायला जायचं मनावर घेतलं, तेव्हा सर्वांत आधी मीटिंग झाली. मग एक्सेल उघडलं. मग त्या शीटचं नाव काय ठेवायचं यावर वाद झाला आणि 'बर्ड प्लॅन फायनल रिव्हाइज्ड' हे नाव सर्वानुमते पास झालं. पक्ष्यांचा विषय निघायला अजून बराच अवकाश होता.

आमच्या पट्ट्यात माणसाला नाव असतं ते फक्त पगाराच्या स्लिपवर. एरवी तो खात्यानेच ओळखला जातो. म्हणून आमच्या गटात क्वालिटी आहेत, पर्चेस आहेत, मेंटेनन्स आहेत, सेफ्टी आहेत, एचआरच्या मॅडम आहेत आणि मी प्लॅनिंग. कंपन्या वेगवेगळ्या, सोसायटी एक. पक्ष्यांची लागण सगळ्यांना भिगवणला झाली. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. पहाटे निघायचं, होडीत बसायचं, पाण्यात उभी असलेली ती उंच, गुलाबी, किंचित आखडू मंडळी बघायची आणि काठावर येऊन माशाची थाळी हाणायची, असा तिथला शिरस्ता आहे. बाकीचे लोक थाळीवर समाधानी होऊन परतले. आम्ही मात्र परतीच्या वाटेवर कोणी किती जाती पाहिल्या याचा ताळा जमवत होतो. यादी हा आमचा मूळ आजार. पक्षी हे निमित्त.

आधी 'उष्णकटिबंधीय' म्हणजे नक्की काय, हे ठरवणं भाग होतं. व्याख्या नसेल तर क्वालिटी कागद पुढे सरकू देत नाहीत. शाळेतला भूगोल उकरून काढला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर. ते गुजरात, मध्य प्रदेशातून जातं, महाराष्ट्राला शिवतसुद्धा नाही. म्हणजे नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंत आख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात. महाळुंगे तर पावणेएकोणीस अंशांच्या आसपास.

"म्हणजे आपण आत्ता ट्रॉपिकल कंट्रीतच बसलोय?" एचआरच्या मॅडमनी विचारलं.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली भट्टीशेजारी उभे राहणारे मेंटेनन्स शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे मला कर्कवृत्ताशिवायही कळलं होतं."

पण भूगोलाने काहीही सिद्ध केलं, तरी जिथे जायला पासपोर्ट लागत नाही तिथे जाऊन आल्याचं सोसायटीत सांगता येत नाही. तेव्हा व्याख्येत दुरुस्ती झाली. उष्णकटिबंधीय देश म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला आणि पासपोर्टावर शिक्का मारून देणारा.

पहिलं नाव आलं कोस्टा रिकाचं. हा देश साधारण ५१ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा, आणि त्यात पक्ष्यांच्या नऊशेहून अधिक जाती. भारतात तेराशेच्या वर आहेत, पण आपला पसारा केवढा! एवढ्याशा जागेतून इतकं उत्पादन काढणारा देश बघून माझ्यातला प्लॅनिंगवाला गहिवरला. शिवाय १९४८ साली त्यांनी आपलं लष्करच बंद करून टाकलं, हे कळल्यावर मॅडम बराच वेळ विचारात पडल्या. एका झटक्यात आख्खं खातं कमी करणारा देश एचआरला वंदनीयच वाटणार.

तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे केत्झाल. हिरवाकंच, पोटाशी लालभडक, आणि नराच्या शेपटीची पिसं त्याच्या अंगापेक्षा लांब. ढगात बुडालेल्या डोंगरी जंगलात राहतो, रानटी अ‍ॅव्होकॅडोची फळं खातो. महाळुंग्यात अ‍ॅव्होकॅडो मॉलमध्ये मिळतो आणि आम्ही त्याचा भाव वाचून पुढे जातो. त्यामुळे या पक्ष्याबद्दल दुरूनच आदर निर्माण झाला. तो सहज दिसतो विणीच्या हंगामात, म्हणजे मार्च ते जून. मार्च हा शब्द उच्चारताच पर्चेसचा चेहरा उतरला. मार्च एंडिंगला रजा मागणं म्हणजे काय, हे ज्याने मागितली आहे त्यालाच ठाऊक. जो पक्षी ऐन मार्चमध्ये घरटं बांधायला काढतो, त्याचा अकाउंट्सशी आयुष्यात संबंध आलेला नाही हे उघड आहे.

दुसरं नाव केनिया. एक हजाराहून अधिक जाती आणि सरोवरांवर रोहित पक्ष्यांचे अफाट थवे. "रोहित बघायला केनियात?" मेंटेनन्स कळवळले. "अहो, ते ठाण्याच्या खाडीत येतात. भिगवणला येतात. आपण उलटं त्यांच्याकडे गेलो तर त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं." सेफ्टींनी पीतज्वराच्या लसीचा मुद्दा काढला. आफ्रिकेतल्या अशा देशातून भारतात परतताना पिवळं प्रमाणपत्र लागतं, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि २०१६ पासूनच्या नियमानुसार एकदा टोचून घेतलं की जन्मभर चालतं. जन्मभर चालणारं कुठलंही सर्टिफिकेट असतं, यावर क्वालिटींचा विश्वास बसेना. त्यांच्या मते दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट असलंच पाहिजे.

तिसरं नाव श्रीलंका, आणि तिथे गाडी रुळावर आली. अंतर कमी, खर्च आवाक्यात, जेवणात भात आणि नारळ, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या तीसहून अधिक जाती. नैर्ऋत्येकडचं सिंहराजा हे पर्जन्यवन १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जायला जानेवारी ते मार्च-एप्रिलचा कोरडा काळ बरा. मार्च पुन्हा आलाच, पण त्याच्या आधी दोन महिने सुटत होते. मॅडमनी लगेच बजावलं की, जानेवारीत अप्रेझलचे फॉर्म भरायचे असतात. फेब्रुवारीत ग्राहकाचं ऑडिट होतं. राहता राहिले ते एका सणाला जोडून येणारे चार दिवस, ज्यांच्यावर कंपन्यांतल्या सगळ्यांचाच डोळा होता. कुणीतरी सुचवलं की महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ तारखेला आणि सालिम अलींचा १२ तारखेला, म्हणून २०२० साली सरकारनेच तो जाहीर केला. तेव्हा याच निमित्ताने रजा मागावी. मॅडमनी विचारलं, "सप्ताह आहे की सुट्टी आहे?" सप्ताहच होता.

देश ठरल्यावर खरेदी. दुर्बीण हा विषय पर्चेसकडे गेला आणि तीन कोटेशन्स आली. पक्षी बघणारे बहुतेक लोक आठ गुणिले बेचाळीसची दुर्बीण घेतात. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. घनदाट जंगलात उजेड कमी असतो, त्यामुळे भिंग मोठं हवं, आणि आठाच्या वर गेलं की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसू लागते. हे मी नीट समजावून सांगितलं. पर्चेसनी तितक्याच नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण तो त्याच किमतीत दहाचा देतोय. दोन फुकट मिळतायत, ते का सोडायचे?" मग दहाची दुर्बीण घेऊन त्यांनी गच्चीवरून समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या टिटवीवर नेम धरला. टिटवी स्थिर उभी होती. थरथरत होती ती पर्चेसची मान्यता. दुसऱ्या दिवशी आठाची ऑर्डर गेली, सहा नगांवर डिस्काउंट घासून.

सेफ्टींची यादी वेगळी. सिंहराजात जळवा असतात आणि त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे खास कापडी मोजे मिळतात, हे कळल्यापासून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. जोखीम, तीव्रता, शक्यता, उपाय असे रकाने पाडून त्यांनी जळूवर असा तक्ता केला, की तो वाचून जळूलाच घाम फुटावा. फक्त एका बाबतीत त्यांचं आणि पक्षिनिरीक्षणाचं जमेना. जंगलात मातकट, हिरवट, डोळ्यांत न भरणारे रंग घालावेत असा नियम आहे, तर सेफ्टींचा जन्म नारिंगी जॅकेटसाठी झालेला. "माणूस लांबूनही दिसला पाहिजे," ते म्हणाले. "पक्ष्यांना तो जवळूनही दिसता कामा नये," मी म्हणालो. शेवटी तडजोड झाली. जॅकेट बॅगेत राहील, पण सगळ्यात वर.

घरच्या आघाडीवर वेगळेच प्रश्न होते. पहाटे चारला उठून जंगलात जायचं, हा कार्यक्रम घराघरांत वाचला गेला तेव्हा क्वालिटींच्या वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "इथे दुधाच्या पिशव्या घ्यायला सातला उठवलं तर कूस बदलता. श्रीलंकेत गादीला काय काटे असतात?" पर्चेसच्या वहिनींनी दशम्या, मेथीचे धपाटे, मेतकूट आणि चिवडा यांची जी यादी केली, ती आमच्या पक्ष्यांच्या यादीपेक्षा लांब निघाली. शिवाय त्यातली प्रत्येक गोष्ट हमखास मिळणारी होती, हा तिचा मोठाच गुण.

मग प्रश्न आला, जायचं तर कुठल्या माहितीवर विसंबून जायचं? इथे क्वालिटींनी मीटिंग अक्षरशः ताब्यात घेतली, कारण त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सापडली होती. हे छोटं घुबड शास्त्राला १८७३ मध्ये कळलं. १८८४ नंतर मात्र त्याचा खरा पुरावा मिळेना आणि लोक ते संपलंच समजू लागले. फक्त एक नमुना आडवा येत होता. कर्नल माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला, असं लेबल लावून ठेवलं होतं. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी तो नमुना तपासला. पिसं, टाके, आतला कापूस सगळं बघितलं आणि निघालं असं, की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच जुना नमुना लांबवला, उसवून पुन्हा शिवला आणि त्यावर स्वतःचं लेबल डकवलं. हा नमुना मूळचा खानदेशात नोकरी केलेल्या डेव्हिडसन यांचा, १८८०च्या दशकातला.

"बॅच नंबर खोटा!" क्वालिटींच्या डोळ्यांत पाणी होतं. "मालाची ट्रेसेबिलिटी नाही, म्हणून शंभर वर्षं लोक चुकीच्या शेडमध्ये पार्ट शोधतायत!"

खोटं लेबल यादीतून काढल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी फक्त खऱ्या जुन्या जागा धरल्या. १९९७च्या नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. म्हणजे घुबड आधी सापडलं, जिल्हा नंतर. तात्पर्य असं की कुणाच्या तरी अमेरिकेतल्या घरी कधीकाळी अशीच मीटिंग झाली असणार आणि ट्रॉपिकल कंट्री या रकान्यात लिहिलं गेलं असणार शहादा. आमच्यापैकी मेंटेनन्सची सासुरवाडी शहाद्याची. ते तिथे वर्षातून दोनदा जातात आणि झाडाकडे मान वर करून एकदाही बघत नाहीत. आता जातील. सासरेबुवांशी बोलणं टाळायला तेवढंच एक अभ्यासाचं कारण.

श्रीलंकेतही अशीच एक केस आहे. तिथले पक्षितज्ज्ञ दीपल वारकागोडा यांनी १९९५ साली जंगलात एका घुबडाचा अनोळखी आवाज ऐकला. घुबड प्रत्यक्ष दिसलं २००१ मध्ये, आणि सेरेन्दिब स्कॉप्स घुबड म्हणून त्याची शास्त्रीय नोंद झाली २००४ मध्ये. मेंटेनन्सना यात नवल वाटलं नाही. "आवाज येतोय पण फॉल्ट सापडत नाही, हे आमचं रोजचंच आहे. फक्त आम्हाला सहा वर्षं कोणी देत नाही. सहा मिनिटांत लाइन चालू करा म्हणतात."

या सगळ्या धडपडीत ज्यांना बघायला जायचं, त्या पक्ष्यांचं नियोजन किती सुटसुटीत असतं! नवरंग पक्षी पावसाळ्यात कोकणात आणि मध्य भारतात घरटं करतो, हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मुक्कामाला जातो. वजन पन्नास-साठ ग्रॅम. प्रवास रात्रीचा, सामान शून्य. सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओरडतो, म्हणजे दोन पाळ्या नियमित भरतो. केनियाची ट्रिप म्हणाल तर अमूर ससाणा ती दरवर्षी करतो. नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरमधून निघतो, आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र ओलांडतो आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग गाठतो. त्याच्याकडे पिवळं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. आमचा प्रवासाचा तक्ता मात्र कोलंबोपासून सिंहराजापर्यंत मिनिटामिनिटाचा पक्का होता आणि एकाच ओळीवर अडला होता. ती ओळ होती महाळुंगे ते तळेगाव चौक. तिथल्या वेळेच्या रकान्यात मी 'परिस्थितीनुसार' लिहिलं. पुण्याच्या नव्या विमानतळाचं म्हणाल तर तो आधी चाकणलाच यायचा होता, नंतर पुरंदरला निघाला. आमच्याकडे पक्षी राहू दे, विमानतळच स्थलांतर करतो.

राहिली टार्गेट बर्ड्‌सची यादी. हा शब्द पक्षीवाल्यांचाच आहे. म्हणजे ज्याच्यासाठी आपण पैसे मोजून आलो तो पक्षी. आता टार्गेट हा शब्द दिसला की आमच्या पट्ट्यातल्या माणसाचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने चालवलेल्या ई-बर्ड या साइटवर कुठल्या ठिकाणी, कुठल्या आठवड्यात, कुठला पक्षी नोंदींच्या किती टक्क्यांत येतो, याचे आलेख असतात. ते मिळाले आणि आम्ही धन्य झालो. निळी मॅगपाय, लाल तोंडाचा मलकोहा, सेरेन्दिब घुबड, प्रत्येकापुढे टक्के, प्रत्येक सकाळीपुढे अपेक्षित आकडा, खाली बेरीज. सिंहराजातले मिश्र थवे प्रसिद्ध आहेत. सरासरी चाळीसेक पक्षी, अनेक जातींचे, एकत्र हिंडतात. कोणी शेंड्यावर, कोणी मधल्या फांद्यांत, कोणी जमिनीलगत खातो. त्यांच्यातला कोतवाल कुळातला पक्षी तर दुसऱ्यांचे आवाज काढून त्यांना थव्यात ओढून आणतो. "हा आमच्या खात्याचा," मॅडम म्हणाल्या. मी हिशेब केला. असा एक थवा वेळेवर आला, तर पहिल्याच सकाळी निम्मं टार्गेट पूर्ण.

"आणि नाही आला तर?" मॅडमनी विचारलं.

खोली शांत झाली. आमच्या धंद्यात या प्रश्नाला फार किंमत आहे. पार्ट नाही आला, माणूस नाही आला, गाडी चौकात अडकली, तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. का, कोणामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. पाच वेळा 'का' विचारून सहाव्या वेळी एका माणसाच्या नावावर बोट ठेवायचं, यावर इथली निम्मी दुपार जाते. वर्षानुवर्षं आम्ही तिघं-चौघं त्या बोटाच्या समोर किंवा मागे उभे आहोत. आणि आता लाखाच्या घरात पैसे भरून, जळवा लावून घेऊन, पहाटे चारला उठून आम्ही जाणार होतो, ते अशा ठिकाणी, जिथे गाइड झाडाकडे बघून "आज नाही" म्हणतो आणि सगळे माना डोलावून चहा प्यायला बसतात. खुलासा कोणी मागत नाही. आमच्यातल्या कोणालाही हे तोंडाने कबूल करायचं नव्हतं, पण केत्झाल काय, मलकोहा काय, आम्ही पैसे मोजत होतो ते त्या "आज नाही"चे.

क्वालिटींना ते सहन होईना. पद्धत ती पद्धत. त्यांनी शीटमध्ये एक नवा रकाना घातला, 'न दिसल्यास जबाबदार व्यक्ती', आणि तो भरल्याशिवाय शीट सेव्ह करणार नाही म्हणून हटून बसले. पर्चेसनी प्लॅनिंगचं नाव सुचवलं. मी पर्चेसचं. सेफ्टी म्हणाले, हवामान लिहा. क्वालिटी म्हणाले, हवामानाची सही कुठून आणायची? मेंटेनन्स म्हणाले, गाइडचं नाव टाका, तो आपल्या पेरोलवर नाही. बराच काथ्याकूट झाल्यावर मॅडमनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींत एकच नोंद टाकली, 'पक्षी स्वतः'. कोणी हरकत घेतली नाही. पुरवठादाराला इतकं मोकळं सोडल्याची ही चाकण पट्ट्यातली बहुधा पहिलीच नोंद असावी. क्वालिटींनी तिच्यावर सही केली, मात्र शेरा मारून: एका वर्षासाठी, प्रायोगिक तत्त्वावर.